मारवेल आधी ओळखा, मग लावा

तुमची अडचण थोडक्यात अशी. पुरंदरच्या पूर्व भागात दोन एकर पडीक आहे. वरचा एकर मुरमाड उताराचा, खालचा ओढ्यालगतचा, काळसर मातीचा. गेल्या दिवाळीच्या सुमारास तुम्ही बांधावरच्या मारवेलाचे, म्हणजे त्या वैरणीच्या गवताचे तुरे खुडून पोतंभर जमवले आणि जूनमध्ये दोन्ही तुकडे नांगरून विस्कटले. आता वर ‘नुसती कुसळी’, खाली गाजर गवत, आणि मधूनमधून मारवेलासारखं दिसणारं काहीतरी. तुम्ही तीन गोष्टी विचारल्या आहेत: बी खराब होतं का, उगवलंय ते मारवेल आहे का, आणि येत्या पावसाळ्यात काय करायचं.

दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण ओळख चुकली तर पुढची सगळी मेहनत चुकीच्या गवतावर होते. आणि तुमच्या पत्रातच त्याची एक खूण आहे. तुम्ही लिहिलंय, ‘एकेका दाण्याला तीन-तीन कुसळं, कपड्यांत घुसतात.’ तसं असेल तर ती कुसळी नाही. खऱ्या कुसळीच्या, म्हणजे हेटेरोपोगॉन कॉन्टॉर्टसच्या दाण्याला एकच जाड, गडद तपकिरी कुसळ असतं, आणि तुरा पिकला की शेंड्याची सगळी कुसळं एकमेकांत पीळ घालून दोरीसारखी गुंततात. तीन फाट्यांचं कुसळ हे ॲरिस्टिडा या दुसऱ्या गवताचं. माळावर दिसणारं बारीक ॲरिस्टिडा बहुतेक एका हंगामाचं असतं. जमीन उघडी पडली, नांगरली किंवा अति चरली की ते आधी येतं. कुसळी मात्र बहुवर्षायू, बेट करून राहणारी. तुमच्या मुरमावर नांगराआधी काय होतं हे तुम्ही लिहिलं नाही, पण मला वाटतं तिथे बेटं होती आणि ती उलथली गेली. त्या तुकड्याकडे शेवटी येतो.

आता मारवेल. शास्त्रीय नाव डायकँथियम ॲन्युलॅटम. यातल्या ‘ॲन्युलॅटम’चा अर्थ कडं असलेला, आणि ते कडं म्हणजेच ओळखीची पहिली खूण. काडी हातात घ्या आणि पेराच्या गाठीकडे बघा. गाठीभोवती पांढऱ्या, ताठ, आडव्या पसरलेल्या केसांचं वलय असतं. सकाळच्या तिरप्या उन्हात, काडी काळ्या कापडासमोर धरली तर भिंग नसलं तरी दिसतं. काडी बुडाशी जरा जमिनीला टेकून निघते, गुडघ्यात वाकल्यासारखी होते आणि मग सरळ वर जाते. जुन्या बेटाच्या कडेच्या काड्या जमिनीला टेकल्या जागी कधीकधी मुळंही धरतात. बेट मधोमध दाट आणि कडेला पसरट दिसतं ते त्यामुळेच.

तुरा हाताच्या बोटांसारखा असतो. काडीच्या शेंड्याला साधारण एकाच जागेवरून दोन-तीनपासून आठ-नऊपर्यंत बोटं निघतात, प्रत्येक बोट तीन ते सात सेंटिमीटर लांब. रंग फिकट हिरव्यापासून जांभळटापर्यंत. रंगावर विसंबू नका. एकाच बांधावर दोन्ही रंगांची बेटं शेजारी-शेजारी असतात. बोटावर कणिशकं, म्हणजे टरफलात बसलेली बारीक फुलं, जोडीनं असतात, एक बिनदेठाचं आणि त्याला लागून एक देठाचं. कुसळ असतं ते बिनदेठाच्या कणिशकाला, आणि दाणा भरतो तोही त्याच्यातच. देठाचं कणिशक वांझ किंवा नुसतं नर. बोटाच्या अगदी बुडाच्या एक-दोन जोड्यांना मात्र कुसळच नसतं. बी गोळा करण्याच्या मुद्द्याला हे पुन्हा लागणार आहे, म्हणून लक्षात ठेवा.

इथवर सगळं जुळलं तरी ‘हे मारवेलच’ असं म्हणू नका. हे मी स्वतः चुकून शिकलो आहे. पहिल्या काही वर्षांत एका गायरानाच्या कामासाठी मी भर पावसात, घाईघाईनं, फक्त गाठीवरचे केस बघून ठोंब, म्हणजे मुळांसकट फुटवे, उपटून आणले. चार गुंठ्यांवर लावले, जगवले. ऑक्टोबरमध्ये तुरे आले तेव्हा निम्म्याहून जास्त बेटं बोथ्रिओक्लोआ पर्ट्युसाची निघाली. त्याच्याही गाठीला केस असतात, त्याचाही तुरा बोटांचा, आणि बरीच माणसं त्यालाही मारवेलच म्हणतात. गवत म्हणून ते वाईट नाही, चराईला चांगलं टिकतं. पण कापून वैरण करायला मारवेलाएवढं वाढत नाही, आणि तिथे लोकांना वैरण हवी होती. पुढच्या वर्षी ते सगळं काढून पुन्हा लावावं लागलं.

तेव्हापासून मी दहापट दाखवणारं भिंग खिशात ठेवतो. घड्याळ दुरुस्त करणारे किंवा सराफ वापरतात तसलं साधं भिंग पुरतं. बिनदेठाचं एक कणिशक नखावर ठेवा आणि त्याच्या बाहेरच्या टरफलाच्या पाठीकडे बघा. पर्ट्युसाच्या टरफलावर मध्याच्या जरा वर, सुईच्या टोकानं दाबल्यासारखा एक गोल खळगा असतो. ‘पर्ट्युसा’ म्हणजे भोक पाडलेलं. मारवेलाचं टरफल सपाट, शेंड्याला बोथट, त्याच्यावर खळगा नाही. आणखी एक खात्री करून घ्यायची. बोटाचा दांडा आणि देठाच्या कणिशकाचा देठ उजेडासमोर धरा. बोथ्रिओक्लोआत त्याच्या मधोमध काचेसारखी पारदर्शक रेघ दिसते, मारवेलात देठ भरीव असतो. या दोन गटांचे आपसांत संकर होतात, म्हणून कधीतरी मधलंच एखादं बेट सापडतं. तसलं बेट सोडून द्यावं.

मारवेलाच्या सख्ख्या भावंडांतही दोन फसवे आहेत. डायकँथियम कॅरिकोसमच्या गाठी जवळजवळ उघड्या असतात, असलीच तर बारीक लव, आणि बोटं कमी, एक ते चार. डायकँथियम ॲरिस्टॅटममध्ये बोटं निघतात त्याच्या लगेच खालच्या काडीवर मऊ केस असतात. मारवेलात तो भाग गुळगुळीत असतो. अंगठ्याचं नख वरून खाली फिरवलं तरी कळतं.

आता एक अडचण अशी की ही सगळी लक्षणं तुऱ्यावर आहेत, तुरे सप्टेंबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत, आणि लावणी जून-जुलैत. पावसाच्या तोंडावर बेटं नुसती हिरवी असतात, तेव्हा मारवेल आणि पर्ट्युसा वेगळे करणं मलाही दर वेळी जमत नाही. म्हणून ओळखीचं काम येत्या ऑक्टोबरातच उरकायचं. बांधाबांधानं फिरा, भिंगानं बघा, खात्री पटली त्या बेटाशेजारी चुना लावलेली हातभर खुंटी ठोका. खुंटी खोल ठोका, नाहीतर उन्हाळ्यात शेरडं पाडतात किंवा कुणी सरपणाला नेतं. शंभरेक बेटं हेरून ठेवा, आणि ती एकाच बांधावरची नकोत. याचं कारण असं की मारवेलाची आपल्याकडची बरीचशी बेटं फलन न होताच बी धरतात, म्हणजे बियांपासून आलेलं रोपही बहुधा आईची नक्कल असतं. ठोंब तर नक्कल असतोच. एकाच बांधावरून सगळं आणलं तर सगळं रान म्हणजे दोन-चार झाडांच्या नकला होतात. वेगवेगळ्या बांधांवरची, एखादं लवकर फुलणारं, एखादं उशिरा, एखादं ओलीतलं, एखादं खडकाजवळचं, असं मिसळून घेतलं तर एखाद्या वाईट वर्षातही काहीतरी उभं राहतं.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं काढलेलं फुले मारवेल-०६-४० तुम्ही ऐकलं असेल. पाण्याची सोय असेल आणि कापून घालायची वैरण हवी असेल तर ते जरूर लावा. पण तुम्हाला पडीक रान पुन्हा उभं करायचंय, तर त्याच शिवारात पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली बेटं मला जास्त भरवशाची वाटतात.

आता बियांबद्दल. तुमचं बी कुजकं नव्हतं, पण पोत्यात बी किती होतं हा प्रश्न आहे. आधी सांगितलं तसं जोडीतलं एक कणिशक मुळात रिकामं. उरलेल्यांतही सगळे दाणे भरत नाहीत, आणि तुरा आठ-दहा दिवस उशिरा खुडला तर भरलेले दाणे आधीच गळून गेलेले असतात, हातात येतो तो भुसा. घरी करून बघा: कुसळवाली शंभर कणिशकं मोजून पाटीवर पसरा आणि प्रत्येकावर नख दाबा. भरलेलं असेल तर नखाखाली कडक लागतं, रिकामं असेल तर चपटं होतं. मी केलेल्या मोजण्यांत शंभरातली वीसच भरलेली निघाल्याची उदाहरणं आहेत, साठ निघाल्याचीही आहेत. वेळेवर खुडलं की नाही, यावर बरंच अवलंबून असतं.

दुसरं, ताजं बी उगवायला नाखूष असतं. काही महिने कोरड्या जागी ठेवलं की उगवण सुधारते. दिवाळीचं बी जूनमध्ये पेरलंत, ते बरोबर होतं. चूक झाली ती नांगरणीत. मारवेलाचा दाणा बारीक, तो अर्धा-एक सेंटिमीटरपेक्षा खोल गेला की वर येत नाही. नांगरलेल्या ढेकळांत विस्कटलेलं बी पहिल्याच जोराच्या पावसात खाली जातं. वर राहिलं त्यातलं काही मुंग्यांनी नेलं असणार. आणि नांगरणीनं वर आलेलं गाजर गवताचं बी तुमच्या बियाच्या आधी उगवलं. तुम्हाला बीच वापरायचं असेल तर बारीक चाळलेली माती आणि शेण यांत कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या करा, सावलीत वाळवा आणि न नांगरता, नुसतं खुरपून मोकळ्या केलेल्या जागेवर टाका. पण खालच्या तुकड्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे: ठोंब लावा.

संपूर्ण एकर एकाच वर्षी करायचा हट्ट सोडा. दोन फूट बाय दीड फूट, म्हणजे साठ बाय पंचेचाळीस सेंटिमीटरवर लावलं तर गुंठ्याला सुमारे ३७५ जागा होतात, एकराला १५,०००. जागेला दोन ठोंब धरले तर एकराला ३०,००० ठोंब. एवढे आणायचे तर आसपासचे बांध ओरबाडावे लागतील, आणि ते करू नये. पहिल्या वर्षी दोन गुंठ्यांचीच रोपवाटिका करा: ७५० जागा, १,५०० ठोंब. चांगल्या वाढलेल्या बेटातून पंचवीस-तीस ठोंब निघतात. खुंटी ठोकलेल्या शंभर बेटांतून प्रत्येकी निम्मं बेट घेतलं आणि निम्मं जागेवर सोडलं, तरी काम जवळपास भागेल. दुसऱ्या पावसाळ्यात या ७५० जागांतून दहा-बारा ठोंब प्रत्येकी मिळतात, त्यात आणखी दहा-बारा गुंठे होतात. तिसऱ्या पावसाळ्यात उरलेला एकर तुमच्याच रानातल्या ठोंबांवर भरून निघतो.

ठोंब काढायचा दिवस मृगाच्या पहिल्या सरीचा नव्हे. जमीन वीतभर ओली झाली पाहिजे आणि आभाळ दोन-तीन दिवस भरलेलं पाहिजे. बहुतेक वर्षी तो दिवस जूनच्या अखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात येतो. बेट कुदळीनं उकरा, हातानं ओढू नका, ओढलं की काडी मुळापासून तुटते. बेटाच्या मधला भाग जुना, वाळका असतो, तो टाकून द्या. कडेचे ठोंब घ्या. चांगला ठोंब म्हणजे बुडाशी पांढरट, टणक, दोन-तीन काड्या आणि त्यांना चिकटलेली तंतुमुळं. बुडाची गाठ बोटांनी दाबून बघा. तिथे कोंबाचं फुगीर टोक लागलं तर तो ठोंब फुटणारच. वरची पानं वीतभर ठेवून कापा, लांबलचक मुळं चार बोटं ठेवून छाटा. ओल्या गोणपाटात गुंडाळून त्याच दिवशी लावा. रात्रभर उघडे राहिलेले ठोंब दिसायला हिरवे असतात, पण निम्मे जगत नाहीत.

खड्डा मोठा लागत नाही. पहारीनं किंवा खुरप्यानं चिरा द्या, बुडाच्या एक-दोन गाठी मातीखाली जातील इतपत खोल ठोंब बसवा आणि टाचेनं माती घट्ट दाबा. दाबणं हाच या कामातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे, आणि मजुरीवर लावणी केली की नेमकं तेच राहून जातं. दाबलेला ठोंब दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वर आला तर पुन्हा लावा. खत म्हणाल तर कुजलेलं शेणखत ओंजळभर पुरे.

पंधरा-वीस दिवसांत पानं पिवळी पडून वाळतील, घाबरू नका. बुडाशी नवा हिरवा कोंब आहे का ते बघा. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मेलेल्या जागा भरून घ्या, त्यासाठी शे-दीडशे ठोंब बाजूला वाफ्यात लावून ठेवलेले असावेत. पहिल्या सहा आठवड्यांत दोन खुरपण्या लागतात. गाजर गवत फुलायच्या आत उपटा, हातमोजे घालून, कारण त्यानं अंगावर खाज आणि पुरळ उठते. त्यानंतर मारवेल सावली धरतं आणि तण आपोआप दबतं.

पहिल्या वर्षी रान चारायचं नाही. तुमची सहा शेरडं आहेत आणि उन्हाळ्यात चाऱ्याची ओढ असते, हे मला कळतं. पण पहिल्या वर्षी बेट मुळं खाली नेत असतं. तेव्हा शेरडानं ओढलं तर पान तुटत नाही, अख्खा ठोंब उपटून येतो. तुरे पिकून गळू द्या, नंतर वाळलेलं गवत वीतभर बूड ठेवून विळ्यानं कापून न्या. दुसऱ्या वर्षापासून निम्म्या बेटांना तुरा दिसू लागला की कापणी करा. वैरणीला तीच वेळ चांगली, नंतर काडी कडक होते आणि कस उतरतो. दर कापणीला चार बोटं बूड राखा, पुढचे डोळे तिथेच असतात. जमिनीसरशी कापलेलं बेट दोन-तीन वर्षांत मधून मरतं.

आता वरचा मुरमाड एकर. तिथे मारवेल लावू नका. मारवेलाला जरा खोल, ओल धरणारी माती लागते. भारी काळ्या जमिनीत, थोड्या चोपण जागीही ते टिकतं, पण चार बोटांच्या मुरमावर उन्हाळा काढणं त्याला जड जातं. दबडघाव आणि शंकरनारायण यांनी १९७३ साली देशातल्या गवताळ रानांचे पाच मोठे प्रकार मांडले, त्यात आपला सगळा दख्खन सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो. या जोडनावातलं डायकँथियम म्हणजे तुमचा खालचा तुकडा आणि सेहिमा म्हणजे वरचा, असं समजा. सेहिमा नर्व्होसम म्हणजे शेडा. त्याला बोटं नाहीत, एकाच काडीवर एकच सरळ कणीस, कुसळं लांब पण कुसळीसारखी दोरी न होणारी, आणि देठाच्या कणिशकावर उभ्या ठळक शिरा. त्याच्याबरोबर डोंगरी गवत असतं, ज्याच्या तुऱ्याच्या बारीक फांद्या काडीभोवती चक्राकार निघतात आणि टोकाशी सोनेरी-तांबूस केसांचा झुबका असतो.

यातलं काहीही आत्ता लावू नका. आधी दोन पावसाळे तिथे नांगर, कुऱ्हाड आणि शेरडं, तिन्ही बंद ठेवा. खड्डे खणून झाडं लावायचा मोहही टाळा. उघडा माळ म्हणजे उजाड जमीन नव्हे, आणि गवताला ऊन लागतं. नांगराच्या फाळातून सुटलेल्या काही बुडख्यांना बहुतेक फूट येईलच. दुसऱ्या ऑक्टोबरात एक मीटर बाय एक मीटरची सुतळीची चौकट घेऊन तिरक्या रेघेत दहा ठिकाणी टाका आणि प्रत्येक चौकटीत बहुवर्षायू बेटं किती ते मोजा. काडी धरून ओढा: हंगामी ॲरिस्टिडा मुळासकट हातात येतं, बहुवर्षायू बेट जागचं हलत नाही. चौकटीमागे दोन-तीन बेटं असली तर बाहेरून काहीही आणायची गरज नाही, राखण पुरेल. दहातल्या सात-आठ चौकटी रिकाम्या निघाल्या तर मग शेडा आणि डोंगरीचे तुरे वेळेवर खुडून, वर सांगितल्या त्या शेणमातीच्या गोळ्या करून, उतारावर आडव्या रचलेल्या दगडांच्या वरच्या बाजूला टाका. तिथे माती साठते आणि गोळी वाहून जात नाही.

आणि सध्या खालच्या तुकड्यात मारवेलासारखं जे उगवलंय ते उपटू नका. तुरे आले की प्रत्येक बेटाचं एक बोट वेगळ्या कागदात गुंडाळा, कागदावर आणि बेटाजवळच्या खुंटीवर तोच आकडा घाला आणि घरी निवांत भिंगाखाली बघा. खळगा नसलेली जी निघतील ती तुमच्या शंभरांतली पहिली.